पळीभर समुद्र

"पाटा राहू द्या, आत्याबाई! वरवंटा बी राहू द्या!" सत्यवती मोटारीच्या दारात दोन्ही हात आडवे पसरून उभी होती. "सूचना पहिली काय हाय? प्रवासात सामान हलकं न्यावं."

"हलकंच हाय," पार्बताआत्या पाटा कडेवर सावरत म्हणाली. "मोठा पाटा घरीच ठेवला. हा लहाना. सरक पोट्टे, हात दुखून राहिले माये."

सत्यवती सरकली. पाटा आत गेला. त्याच्यामागून ज्वारीच्या पिठाचा डबा गेला, तुरीची डाळ गेली, लोणच्याची बरणी गेली, आणि गोड्या पाण्याची दोन पिपं गेली. तेल्हाऱ्यात विहिरी पुष्कळ, पण पाणी खारट, त्यामुळे गोडं पाणी तिथं तुपासारखं जपून वापरतात. आत्याबाईंच्या परसातली विहीर तर सगळ्या गावात खारट म्हणून नावाजलेली.

मोटार गोवर्धनमामाची. वर्षभर ती तेल्हारा-अकोला रस्त्यावर माणसं, कोंबड्या आणि सरकीची पोती वाहायची. लग्नसराई संपली, मृगाला अजून अवकाश होता, तेव्हा मामानंच बहिणीला म्हणजे सत्यवतीच्या आईला, मनकर्णाबाईला, विचारलं होतं, "चालता काय समुद्र पाहाले?" आणि घरात कोणी हो किंवा नाही म्हणायच्या आत सत्यवतीनं वहीत सूचना लिहायला घेतल्या होत्या. बावीस सूचना! अकोल्याच्या शाळेत इंग्रजी तिसरीत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिला जगातल्या सगळ्याच गोष्टींबद्दल काही ना काही सुचवावंसं वाटत असे.

पण वहीपेक्षा महत्त्वाची होती ती तिच्या मांडीवरची सरबताची रिकामी बाटली. राखेनं तीनदा घासलेली, बूच घट्ट बसवलेली.

शाळेच्या शेवटच्या दिवशी समुद्राचा विषय निघाला तेव्हा शकुन, एकदा समुद्र पाहून आलेली अमरावतीच्या वकिलांची मुलगी, सगळ्या वर्गादेखत म्हणाली होती, "तुमी तेल्हाऱ्याचे लोक अकोल्याले येता तरी शिदोरी बांधून येता. समुद्र पायशीन तू?"

"पायते काय? बाटलीत भरून आनते!" सत्यवती बोलून गेली.

तेवढ्यात भूगोलाच्या केतकरबाई दारात आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. "खरंच आणशील?" त्यांचे डोळे एकदम लहान मुलीसारखे झाले. "दहा वर्षं झाली गं मला समुद्र पाहून. आण हो, आपण काचेच्या कपाटात ठेवू."

झालं. आता बाटली रिकामी परत आली असती तर वर्षभर सत्यवतीला सगळ्यांनी 'फेकाडी' म्हटलं असतं. तेही नाव सत्यवती असताना!

सातवी सूचना होती, वाटेत नातेवाइकांकडे थांबू नये. ती बाळापूरलाच मोडली. सख्ख्या चुलत्याच्या दारावरून न थांबता गेलं तर तो मयतीलाही येणार नाही, असं आत्याबाईंचं म्हणणं. मग खामगावनं काय घोडं मारलं होतं? आणि नांदुऱ्यानं? पहिल्या दिवशी मंडळी जेमतेम मलकापूरला पोचली, पण जेवणं चार झाली होती. पंजाबराव, म्हणजे सत्यवतीचे बाबा, चौथ्या पानावरून उठताना म्हणाले, "असाच समुद्र येत राह्यला तं मोटार नाई, मीच फुटीन."

चौथ्या दिवशी सकाळी वसईच्या बाजूला नारळीच्या झाडांतून मोटार बाहेर आली आणि समोर समुद्र होता. सत्यवतीनं वही मिटली. तिच्या बावीस सूचनांपैकी एकीतही लिहिलं नव्हतं की समुद्र पाहिल्यावर तोंड मिटत नाही.

पंजाबरावांनी टोपी मागं सारली. "एवढं पानी," ते हळूच म्हणाले, "अन् एक बी मोट चालून नाई राहिली!"

आत्याबाई लुगडं सावरत पाण्यात गेली, नमस्कार केला, ओंजळ तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकली.

"पंजाब! अरे हे तं आपल्या विहिरीचं पानी हाय! याच्यासाठी मले साडेतीनशे मैल हाडं मोडत आनलं?"

मग सगळे हसले आणि सुट्टी सुरू झाली. मनकर्णाबाईनं वाळूत तीन दगड मांडून चूल पेटवली. आत्याबाईनं पाट्यावर ठेचा वाटला. मामानं मोटार थेट ओल्या वाळूवर, अगदी पाण्याच्या कडेशी नेऊन लावली. उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्रात गाडी घालायची, बैल धुवायचे, तिथंच भाकरी खायची, ही सवय. पात्रात पाणी वाढतं ते पावसाळ्यात. आभाळ काळं झालं की माणूस उठतो आणि काठावर येतो. त्यात शिकायचं काय आहे?

भाकरी अर्धी झाली असेल, तोच मामा उठून उभा राहिला.

"भाऊजी, चाकाले पानी लागून राहिलं."

"धुऊन निघतीन मंग. बस."

"अर्धं चाक गेलं ना!"

"पूर आला वो माय!" मनकर्णाबाई किंचाळली.

"पूर कसा येईन?" पंजाबरावांनी भाकरीचा हात कपाळावर धरून वर पाहिलं. "आभाय तं कोरडं ठाक हाय. वर कुठी पाऊस झाला असन."

"समुद्राच्या वर कुठी, बाबा?" सत्यवती ओरडली, आणि तिला एकदम आठवलं. "सूचना तेरावी! थांबा!"

तिनं वही उघडली. बारावी होती, चौदावी होती, मधलं पान नव्हतं.

"आत्याबाई, वहीचं पान फाडलं तुमी?"

"ठेचा कायच्यात बांधू मंग? पदरात?"

पान सापडलं. हिरवं, तेलकट, एका बाजूनं पार गळून गेलेलं. सत्यवतीनं मोठ्यानं वाचलं, "समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा..."

"दोनदा चढते!" मामानं कपाळावर हात मारला. "हे एकदा चढून राहिलं, अजून एकदा चढन?"

"अन् उतरते कव्हा?" पंजाबराव ओरडले.

"उतरते ठेच्यात गेलं, बाबा!"

त्यानंतर जे झालं त्याला सूचना नव्हती. मामा दांडा फिरवतोय, मोटार खोकतेय, आत्याबाई पाटा कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि समुद्राला बजावतेय, "मांग सर! मांग सर म्हन्ते ना!" नारळ वाहणारा एक गाडीवान आपले बैल घेऊन धावत आला. बैल दिसल्याबरोबर पंजाबरावांच्या अंगात बळ आलं. समुद्र त्यांना कळत नव्हता, पण बैल कळत होते. त्यांनी दोर बांधला, कासरा स्वतःच्या हातात घेतला, आणि बैलांना अस्सल वऱ्हाडीत असं काही सांगितलं की कोकणातले ते बैल दचकून एका दमात मोटार वर घेऊन आले.

"सत्ये कुठी गेली?" मनकर्णाबाईनं पाहिलं.

सत्यवती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शांतपणे बाटली भरत होती.

परतीच्या वाटेवर ती बाटली मांडीवर घेऊन राणीसारखी बसली होती. तिला इतका आनंद झाला होता की धुळ्यापासून तिनं आत्याबाईला अख्खा भूगोल शिकवला. "आपली पूर्णा तापीत जाते, आत्याबाई. तापी समुद्रात जाते. गंगा, गोदावरी, नर्मदा, साऱ्या शेवटी समुद्रातच जातात."

"साऱ्या?"

"साऱ्या!"

"अन् मंग थे पानी एकमेकांत मिसळते?"

"मिसळतेच ना!"

आत्याबाईनं डोळे मिटून घेतले. सत्यवतीला वाटलं, डुलकी लागली.

मलकापूरला माणिकबाई मावशी ओवाळायला दारात आली आणि तिनं विचारलं, "काय आनलं बाई समुद्राहून?"

"साऱ्या नद्यांचं तीर्थ आनलं," आत्याबाई म्हणाली आणि पिशवीतून तांब्याची पळी काढली. "गंगा, गोदा, नर्मदा, सबन एका बाटलीत. आन इकडं, सत्ये."

"आत्याबाई! थे शाळेसाठी हाय!"

"पळीभर दे. आटून नाई जात समुद्र."

पळीभर माणिकबाईला. पळीभर तिच्या सासूला. शेजारच्या घरातल्या पाच जणींनी डोक्यावर पदर घेऊन हात पुढं केले, त्यांना नाही कसं म्हणायचं? तीर्थ मागणाऱ्याला परत पाठवायची पद्धत वऱ्हाडात कोणाच्याच घरात नाही. नांदुऱ्यात अकरा पळ्या गेल्या. बातमी मोटारीच्या पुढं धावत होती, कारण मोटार दर गावाला जेवायला थांबत होती आणि बातमी थांबत नव्हती. खामगावात ओळ लागली. सत्यवतीनं बाटली ओढणीत लपवून पाहिली, मोटारीच्या बैठकीखाली सरकवून पाहिली. आत्याबाईची पळी तिथंही पोचली.

बाळापूरला पोचेपर्यंत तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. सत्यवतीनं बाटली छातीशी कवटाळली. "आता कोनालेच नाई. साक्षात कलेक्टर आला तरी नाई."

कलेक्टर आला नाही. काठी टेकत किसनराव आले. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांना दिसत नव्हतं, चुलत्यांच्या घराला लागून राहणारे. मोटारीला हातानं चाचपत म्हणाले, "पोरी, मी या गावाबाहेर कव्हा गेलो नाई. समुद्राचं पानी हाय म्हन्तात तुयापाशी?"

सत्यवतीनं आत्याबाईकडं पाहिलं. या वेळी आत्याबाईनं पळी पुढं केली नव्हती. सत्यवतीनंच बूच काढलं आणि सगळी बाटली त्यांच्या ओंजळीत उपडी केली. म्हाताऱ्यानं चाखलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावर घेतलं. "बस," ते म्हणाले. "झाला माया समुद्र."

मोटार हलली तेव्हा सत्यवती हसत होती. तेल्हाऱ्याला पोचेपर्यंत ती रडायला लागली होती.

परसातल्या विहिरीच्या काठावर आत्याबाईनं तिला गाठलं. "कायले रडतं? भर ना इथून."

"हे विहिरीचं हाय."

"मी दोन्ही प्याली हाव. फरक असन तं सांग."

सत्यवतीनं डोळे पुसले. विचार केला. शकुनचा चेहरा आठवला. बादली सोडली. बाटली भरल्यावर ती हळूच म्हणाली, "थोडं मीठ टाकू?"

आत्याबाई कंबरेवर हात ठेवून ताठ झाली. "मीठ? आपली विहीर कमी हाय काय कोनाले?"

शाळा उघडली. केतकरबाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, बूच काढलं, तळहातावर चार थेंब ओतून चाखले, आणि डोळे मिटले.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच. आमच्या घरामागचं."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. शकुन खिडकीबाहेर बघत राहिली. बाईंनी चिठ्ठी आणि टाक पुढं केला. "सत्यवती, तुझं अक्षर छान आहे. लिही, अरबी समुद्र."

टाक दौतीत बुडाला. 'अ' झाला. मग टाक जो थांबला तो थांबलाच. बाईंच्या डोळ्यांच्या कडेला अजून पाणी होतं, आणि बाटलीपेक्षा तेच जास्त खारट असणार असं सत्यवतीला वाटलं.

"बाई," ती म्हणाली, "हे आमच्या विहिरीचं पानी हाय."

"म्या म्हटलं होतं!" शकुन उभीच राहिली. "म्या पहिल्यांदाच म्हटलं होतं! फेकाडी!"

"मग समुद्र कुठं गेला?" बाईंनी विचारलं.

सत्यवतीनं सांगितलं. पाटा सांगितला, कोरड्या आभाळातला पूर सांगितला, ठेच्यात गेलेलं 'उतरते' सांगितलं. आत्याबाईची पळी सांगताना तर तिनं हातातला टाकच पळीसारखा धरला आणि समोरच्या बाकावर शाई सांडली. 'मांग सर'ला वर्ग बाकांवर डोकी ठेवून हसत होता. किसनरावांपाशी मात्र सगळ्यांनी डोकी वर उचलली.

केतकरबाईंनी बाटली पुन्हा उघडली आणि आणखी एकदा चाखलं. मग बाटली शकुनपुढं धरली. "तू पाहिला आहेस ना समुद्र? सांग."

शकुननं जीभ लावली. तिचं तोंड कडूखारट झालं. "समुद्रच हाय हा," ती नाइलाजानं म्हणाली.

"तेल्हारा इथून किती लांब गं?" बाईंनी विचारलं.

पुढच्या रविवारी गोवर्धनमामाच्या मोटारीत सतरा मुली आणि एक बाई होत्या. कोंबड्या त्या दिवशी घरी राहिल्या. केतकरबाई विहिरीच्या काठावर बसल्या, चपला काढल्या, बादलीभर पाण्यात पाय सोडले आणि तासभर तिथून हलल्या नाहीत. मुली ओळीनं उभ्या होत्या. आत्याबाई प्रत्येकीच्या हातावर पळी रिकामी करत होती, एखाद्या मोठ्या देवस्थानच्या पुजाऱ्यासारखी.

शकुन सगळ्यांत मागं होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पदराखालून एक रिकामी बाटली काढली.

"सत्ये," ती हळूच म्हणाली, "भरून देशीन काय? घरी न्यायची हाय. अमरावतीले."

सत्यवतीनं बाटली घेतली. आत्याबाईनं मध्येच हात धरला.

"थांब, पोट्टे. इथून अमरावतीपरेंत वाटेत तुये नातेवाईक किती?"

"मूर्तिजापूरले मामा हाय. बडनेऱ्याले दोन मावश्या."

"मंग एक बाटली नाई पुरत," आत्याबाई म्हणाली. "सत्ये, पीप आन."