सरासरीने बसलेला आकडा

माणूस आणि त्याचा भार यांच्यामध्ये नेहमी एक आकडा असतो. भार कागदावरचा असेल तर आकडा शाईचा, भार चाकांवरचा असेल तर आकडा लोखंडाचा. शाईचा चुकला तर तो मालकाला खोडता येतो. लोखंडाचा चुकला तर तोच मालकाला खोडतो. हा भेद ज्याला कळला तो तरला. आकडेबुवांना तो एकतीस वर्षांच्या नोकरीत कळला नव्हता, आणि म्हणूनच ते खात्यात इतके वर गेले.

आकडेबुवा हे अर्थातच कचेरीने दिलेलं नाव. कुठला पूल किती भार पेलतो, तो आकडा शेवटी त्यांच्या सहीने ठरे. त्यांचा आकडा न जुळल्याची एकही नोंद दप्तरात नाही. (नोंदी तेच ठेवत.) "आकडा बसत नाही म्हणजे काय? आकडा आपण होऊन बसत नसतो रे बाबा, बसवायचा असतो," हे ते नव्या माणसांना इतक्या तळमळीने सांगत की ऐकणाऱ्याला आपल्या प्रामाणिकपणाची लाज वाटावी.

अशा पुण्यवान माणसाच्या लेकीने पाव भाजायचं दुकान काढलं. सोमवारी सकाळी सहाला पहिला पाव, अशी पाटीही दारावर लावली. भट्टी मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, मावशीच्या अंगणात. ओतीव लोखंडाची, वजन चारशे बारा किलो. दोन वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात पीठ मळून तिने ती मिळवली होती. पडली तर तडा, आणि तडा गेला की दोन वर्षं मातीत. ट्रॉली शेजाऱ्यांनी देऊ केली. उरला प्रश्न ती गाडीच्या पाठीमागे अडकवायच्या आकड्याचा.

"कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून बसवून घेऊ, बाबा," लेक म्हणाली.

"मिस्त्री? तीनशे चौदा पुलांचे आकडे बसवले मी. एका गाडीचं काय घेऊन बसलीस!"

"अहो, न्हाणीघरातली खुंटी चारदा बसवलीत. टॉवेल अजून जमिनीवरच असतो," बायको आतून म्हणाली. हा विषय पत्रिकेवर नसल्याने विचारात घेण्यात आला नाही.

शनिवारी दुपारी कार्यास आरंभ झाला. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे लागणारी सामग्री अशी: गाडी उचलायचा जॅक, पान्यांचा संच, सहा बोल्ट, सहा वॉशर आणि दोन माणसं. बुवांनी दुसऱ्या माणसाऐवजी पाठीखाली उशी घेतली. (उशी मतभेद नोंदवत नाही.) मग ते गाडीखाली गेले, आणि पाऊण तास त्यांचे फक्त पाय या जगात राहिले.

पाहणीत आढळलं ते असं. आकड्याच्या पट्टीला भोकं सहा, गाडीच्या चासीला भोकं सहा. दोन तंतोतंत जुळली. दोन भोकं चार मिलिमीटर डावीकडे गेली, उरलेली दोन तेवढीच उजवीकडे. पट्टी दुसऱ्याच गाडीची आहे, असं एखाद्या अडाणी माणसाला वाटलं असतं. बुवांनी मात्र गाडीखाली पडल्यापडल्या हिशेब केला: चार डावे, चार उजवे, सरासरी शून्य. म्हणजे सरासरीने सहाही भोकं तंतोतंत जुळली होती.

एवढं सिद्ध झाल्यावर बाकी काम किरकोळच. जुळलेल्या दोन भोकांतले बोल्ट सहांच्या वाट्याचा जोर लावून आवळले. त्यांतल्या एकाने 'कड्' असा आवाज करून हरकत नोंदवली. ती फेटाळण्यात आली. उरलेल्या चार बोल्टांची नुसती डोकी करवतीने कापून, घट्ट डिंकाने आपापल्या जागी चिकटवली. पाहणीला येणारा बोल्ट मोजतो, ओढून बघत नाही, हा अनुभव एकतीस वर्षांचा. वर काळ्या रंगाचा हात. रंगाखाली सगळे सारखेच, असं संतही म्हणाले असते, त्यांना रंगाचा डबा मिळता तर.

मग चाचणी. आकड्याला बादली टांगली. बादली पडली नाही. (रिकामी होती, भरलेली बादली हा अपवादात्मक भार समजावा.) तेव्हा सुबक अक्षरांत चिठ्ठी लिहून बुवांनी ती गाडीच्या पाठीवर चिकटवली: 'भारक्षमता ७०० किलो.'

रविवारी सकाळी मावशीच्या अंगणात पाच जणांनी भट्टी ट्रॉलीत चढवली. आकडा थोडा वाकला. बुवा म्हणाले, "नम्र आहे."

लेक गाडीत बसली, आरशातून मागे पाहिलं आणि अगदी सरळ मनाने म्हणाली, "बाबा, पुढे चढ आहे. भट्टी सरकू नये म्हणून तुम्ही ट्रॉलीत बसता का, तिला धरून? क्षमता सातशे. भट्टी चारशे बारा, तुम्ही ऐंशी. अजून दोनशे आठ उरतात. आई, तूसुद्धा बस."

"मी चालत येते," आई म्हणाली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्या स्वतःच्या आकड्यावर बसायला सांगत होतं.

ते प्रथम म्हणाले, कंबर धरली आहे. मग म्हणाले, उन्हाचा त्रास होतो. मग त्यांनी भट्टीकडे पाहिलं, आरशातल्या लेकीकडे पाहिलं, आणि दीड किलोमीटर चालत जाऊन मिस्त्रींना घेऊन आले.

मिस्त्री गाडीखाली सरकले आणि लगेच बाहेर आले. तळहातावर चार डोकी. "साहेब, ही गाडी आहे का सदरा? बटणं लावलीत!"

त्यांनी योग्य पट्टी आणली, सहा बोल्ट आवळले, साखळी लावली. वेळ चाळीस मिनिटं. मग आकड्यावर दोन्ही पायांनी उभे राहून उड्या मारल्या आणि कुणी न सांगता ट्रॉलीत भट्टीशेजारी जाऊन बसले. "चला, ताई."

सोमवारी सहाला पहिला पाव निघाला. तो लेकीने बाबांच्या हातावर ठेवला. बुवांचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी अकराला बुवांपुढे नदीवरच्या मोठ्या पुलाची फाइल आली. खांब सहा. दोन ठीक, दोन थोडे डावीकडे कललेले, दोन थोडे उजवीकडे. बुवांनी चष्मा पुसला, सरासरी काढली, आणि रंगकामाच्या शिफारशीसह सही केली. त्यावर बसून दाखवा, असं कचेरीत कुणी म्हणालं नाही. तशी पद्धत नाही.

संध्याकाळी बुवा वरच्या अंगाने तीन किलोमीटरचा वळसा घालून घरी जातात. प्रकृतीला बरं असतं. पाव पोचवायला लेकीनेही तिकडूनच जावं, असा त्यांचा आग्रह आहे. का, असं तिने विचारलं तर म्हणतात, "सावली आहे गं तिकडे."

तुम्ही मात्र पुलावरूनच जा. वेळ वाचतो, रंग ताजा आहे, आणि क्षमतेची पाटी चांगली ठळक आहे. शिवाय ती चार डोकी मिस्त्रींच्या हातात आली, तेव्हा तुम्ही किती हसलात! इतकं शहाणं माणूस कशाला वळसा घालील?