चार काचांची पेटी

सुरतेच्या लिंबायतमध्ये पासपोर्ट फोटो काढणारे गल्लोगल्ली सापडतील, पण मखमलीची पेटी असलेला एकटा योगराज. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. पेटीत चार काचा होत्या, पितळी कड्यांत बसवलेल्या, त्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या. नवसारीच्या म्हाताऱ्या पारशी उस्तादानं धंदा बंद करताना त्या त्याच्या हवाली केल्या होत्या.

"यातली कुठलीही एक लावा, चालते," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "कुठल्याही दोन जोडा, चालतात. दोन जोडल्या की अख्खी गल्ली मावते, एकटी लावली की लांबचं जवळ येतं. चार काचांच्या दहा तऱ्हा! असा दुसरा सेट गुजरातेत दाखवा."

गिऱ्हाइकाला आधार कार्डासाठी फोटो हवा असायचा. ते बिचारं मान हलवायचं.

बायको नूतन हे भाषण लग्नापासून ऐकत आली होती. त्यातलं पहिलं वाक्य तिनं फार मनावर घेतलं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

झालं असं. योगराजचे थोरले भाऊ दगाआप्पा अडतीस वर्षं लूमवर काढून आता कायमचे गावी, धरणगावकडे निघाले होते. योगराजला बोटाला धरून सुरतेत आणलं ते त्यांनीच. सुरतेत जन्म गेला, पण आप्पांनी अहिराणी काही सोडली नाही. निघायच्या आठवड्यात ते म्हणाले, "आपला दोन्ही भाऊसना एक बी फोटू नही रे."

खरंच नव्हता. लग्न असो, बारसं असो, योगराज कायम कॅमेऱ्यामागे. मोबाईलवर कुणी काढायला गेलं तर हा पाठ फिरवायचा. मोबाईलचा फोटो म्हणजे फोटोच नव्हे, असं त्याचं मत होतं.

"आप्पा, रविवारी अकराला तुमच्या दारात," योगराजनं जाहीर केलं. "सगळी गल्ली उभी करतो. कॅमेऱ्याला बारा फुटांची रबरी नळी आहे, तिच्या टोकाला फुगा. मी तुमच्या शेजारी उभा राहणार आणि मुठीतला फुगा दाबून फोटो काढणार."

मोठ्या फिल्मचा एकच शीट शिल्लक होता. तो फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे जपून ठेवला होता. आप्पांची गाडी त्याच दिवशी दुपारची होती.

रविवारी दहा वाजता योगराजनं पेटी उघडली. आत एक काच आणि तीन खड्डे.

"नूतन, काचा कुठंयत?"

"दिल्यात," नूतन कणीक मळता मळता म्हणाली.

"दिल्यात म्हणजे?"

"गल्लीतल्या धुरपदाबाईंनी साड्यांवर डायमंडच्या टिकल्या तिरक्या लावल्या म्हणून सेठनं दहा साड्या परत पाठवल्या. डोळ्यांना दिसत नाही हो त्यांना. तुमची काच धरून बघितली तर टिकली कशी ठळक दिसली! मग सरलाबाईंनी एक नेली, मालतीबाईंनी एक. प्रत्येकीला आपापल्या नंबरची मिळाली बघा."

"अगं, पण माझा सेट!"

"तुम्हीच सांगता ना, कुठलीही एक चालते? म्हणून एक ठेवली तुम्हाला."

आप्पांना जरा थांबा म्हणून सांगायला योगराज पळाला, त्यांच्या दारात चपला काढून आत डोकावला, आणि निघताना शेजारच्या जोडात पाय घालून पुढे सुटला. दोघा भावांच्या चपला दिवाळीला एकाच दुकानातून घेतलेल्या, दोन्ही जोड काळे. घाईत कोण बघतो?

सरलाबाईंची काच त्यांचा नवरा भिकन कडोदऱ्याला घेऊन गेला होता, लूमवरचे तुटके धागे बघायला. मालतीबाई तर लेकीकडे बारडोलीला, काचेसकट. राहिल्या धुरपदाबाई. त्यांनी गळ्यातल्या लेसला बांधलेली काच काढून दिली. तिच्यावर गोंदाचा थर होता आणि थरात सात टिकल्या पक्क्या बसल्या होत्या.

"घासू नका हो जोरात," धुरपदाबाई म्हणाल्या. "टिकल्या मोजून दिल्यात सेठनं."

योगराजनं पेटीत उरलेली एकच काच लावली आणि आप्पांच्या दारासमोर कॅमेरा मांडला. काळ्या कापडात डोकं घातलं तर आत फक्त आप्पांची टोपी आणि अर्धी मिशी. एकटी काच लांबचं जवळ आणते, हे तोच तर जगाला सांगत होता! मागे सरकणं आलं. चार पावलांत गल्ली संपली. समोरचं घर धुरपदाबाईंचं, तेव्हा कॅमेरा त्यांच्या उंबऱ्यावर चढला. मग बाहेरच्या खोलीत, साड्यांच्या गठ्ठ्यांवरून. मग स्वयंपाकघरात. सिलिंडर बाजूला केला, पाठ भिंतीला टेकली, तेव्हा कुठं दोन दारांच्या चौकटींतून अख्खी गल्ली मावली.

पण बारा फुटांची नळी बाहेरच्या खोलीतच संपली.

"मी दाबते फुगा," नूतन म्हणाली. "तुम्ही जा आप्पांजवळ."

"तीन सेकंद मोजायचे असतात. कमी नाही, जास्त नाही. तुला नाही जमायचं."

"कुकरच्या शिट्ट्या तीस वर्षं मोजतेय मी."

"नूतन, हा कुकर नाही."

नूतन मोबाईल हातात घेऊन दाराच्या कडेला उभी राहिली. बाहेर आप्पा गल्लीला दटावत होते, "हालू नका रे कोनी!" आणि आपल्या उजव्या बाजूला कुणालाही येऊ देत नव्हते. योगराजनं तीन आकडे मोजले. फोटो निघाला.

गाडीच्या आधी आप्पांना फिल्म तरी दाखवावी, म्हणून तो शीट घेऊन धावतच स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत शिरला. फिल्म धुण्याच्या औषधात असताना दारावर थाप पडली. दार उघडलं असतं तर उजेडानं सगळं गेलं असतं.

"चालनू रे मी," बाहेरून आप्पांचा आवाज आला. "आज चपला काबर चावी ऱ्हायन्यात, कोन जाने."

"आप्पा, पाचच मिनिटं!"

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज त्यानं आतूनच ऐकला. हात औषधात होते, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

आठवड्यानं फोटो धरणगावला पोचला. संध्याकाळी फोन आला. नूतननं स्पीकर लावला.

"चौतीस मानसं मोजी लिधी," आप्पा म्हणाले. "फोटू एक नंबर शे. पन मना बाजूनी जागा रिकामी शे. ती तुनी व्हती. तू कोठे शे रे?"

दहा तऱ्हांतली एकही योगराजच्या तोंडी येईना.

नूतननं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी मोबाईलवर काढलेला फोटो आप्पांना पाठवून दिला. त्यात धुरपदाबाईंचा सिलिंडर, काळं कापड, आणि कापडाखाली दोन पाय.

"डावा पट्टाले लाल दोरा शे," आप्पा म्हणाले. "या चपला मन्या शेतस, तुन्या नही."

योगराजनं खाली पाहिलं. लाल दोरा होता. आठ दिवस तो त्याच चपलांवर अख्खं लिंबायत फिरला होता.

"उद्या पाठवतो, आप्पा."

"ऱ्हाऊ दे. तुन्या आते चावतस नही."