बॅगेचं प्रस्थान

"वडाळा काय आणि कन्याकुमारी काय, रस्ता तोच! फक्त जरा लांब!" नाना म्हणाले आणि कौसल्याबाई बघतच राहिल्या. नाना गाडी शिकले ते रिटायर झाल्यावर, आणि वडाळ्यापलीकडे अजून गेले नव्हते. पण पलंगावर भारताचा नकाशा पसरून त्यांनी मुंबईच्या काळाचौकीवर बोट ठेवलं नि ते खाली खाली नेऊ लागले, तेव्हा कौसल्याबाई बोटामागे वाकत गेल्या. केवढा हा देश! बोट पलंगाच्या कडेला आलं तरी जमीन संपेना!

तीन समुद्र मिळतात ती जागा डोळ्यांनी बघायची, ही कौसल्याबाईंची लग्नाआधीपासूनची इच्छा. पोरांच्या शाळा, मग सासूबाईंचं दुखणं, असं करत करत केस पांढरे झाले. आता मात्र गुरुवारी निघायचं! पण गुरुवारी दक्षिणेला निघायचं नसतं ना!

"अहो, बुधवारीच प्रस्थान ठेवू," त्या हळूच म्हणाल्या. "चांगल्या वेळेला बॅग शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण बुधवारीच निघालो असं देव धरतो."

"देव एवढं ॲडजस्ट करतो?"

"करतो. पण निघालेली बॅग प्रवास पुरा झाल्याशिवाय घरात परत आणायची नाही हं!"

बुधवारी बॅगेला हळदकुंकू लागलं. नानांनी ती उचलून शेजारच्या बकुळाच्या खोलीत ठेवली आणि जुन्या छत्रीच्या मुठीसारखे वाकलेले तसेच राहिले! कंबर धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, "झोपून राहा. गाडीचं नावसुद्धा काढू नका!"

नाना सरळ व्हायला बरेच दिवस गेले. ते सरळ झाले, तशा कौसल्याबाई लगबगीने बकुळाच्या दारात गेल्या.

"बॅग दे गं. उद्या निघतोय."

"बॅग? ती कधीच पुढे गेली, काकी!"

"पुढे म्हणजे?"

"एवढे दिवस एका जागी बसलेलं प्रस्थान बरं नव्हे, म्हणून मी ती वडाळ्याला चंपामावशीकडे सरकवली. तिच्या भजनी मंडळाची यात्रा निघालेली. ती म्हणाली, पुण्यकर्म आहे, मी आणखी पुढे सरकवते!"

"कुठपर्यंत?"

बकुळाने मोबाईल पुढे केला. फोटोत सूर्य उगवत होता. पाणी कुठे हिरवं, कुठे निळं, कुठे नुसतं सोनं! आणि त्या अथांग पाण्यासमोर, गळ्यात झेंडूची माळ घालून, कौसल्याबाईंची बॅग उभी होती! चाळीच्या गॅलरीतल्या बायका मोबाईलभोवती गोळा झाल्या. कौसल्याबाईंनी नकळत हात जोडले. समुद्राला की बॅगेला, ते त्यांनाही कळलं नाही.

"अगं, पण बॅगेत गाडीची चावी आहे!" मागून नाना ओरडले.

"दुसरी असेल ना?"

"तीही त्यातच! हरवू नये म्हणून!"

बकुळाने चंपामावशीला फोन लावला. "आम्ही मदुराईला पोचलो," चंपा आनंदाने म्हणाली. "बॅग मागे कन्याकुमारीच्या धर्मशाळेतच ठेवलीय. मॅनेजर म्हणतो, मालक स्वतः आल्याशिवाय कुणाला देणार नाही. देवमाणूस गं!"

नाना मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे गाडीने कन्याकुमारीला जायचं, तर आधी आगगाडीने कन्याकुमारीला जाऊन चावी आणायची?"

अख्खी गॅलरी हसली. नाना मात्र हसले नाहीत. "तुला तो समुद्र मी माझ्या गाडीतून दाखवणार होतो गं," ते पुटपुटले.

कौसल्याबाई त्यांच्याजवळ सरकल्या. "मग दाखवा की! आत्ता नुसती चावी घ्यायची. मी समुद्राकडे पाठ करून उभी राहीन."

"आणि बॅग?"

"ती परत बकुळाकडे! आपला प्रवास अजून व्हायचाय."

नानांना हे एकदम पटलं. ते तिकीट काढायला उठले, चपला घालून दारापर्यंत गेलेही. तेवढ्यात मागून अगदी बारीक आवाज आला.

"अहो, ते समुद्र तीन आहेत ना? मग त्यातला एक आत्ताच बघितला तर चालेल? दोन ठेवीन मी तुमच्या गाडीसाठी!"