फुटबॉलच्या बाईंचा आडवा आलेख

प्रगती मोजता आली तरच ती प्रगती. न मोजता झाली तर ती नुसती घटना, आणि घटनेची फाईल होत नाही. हे ज्याला लवकर उमगतं तो वरच्या मजल्यावर जातो. ज्याला उमगत नाही त्याला मैदानावर पाठवतात.

बाईंना मैदानावर पाठवलं त्याला सहा वर्षं झाली. त्या महाविद्यालयाच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. (उपप्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक आणि गोलरक्षकांचा प्रशिक्षक ही पदं मंजूर होती, पण भरलेली नव्हती. त्यामुळे मुख्य कोण, हा वाद कधी झाला नाही.) सगळे त्यांना 'फुटबॉलच्या बाई' म्हणत. त्यांचं कार्यालय जिन्याखाली होतं. तिथे एक टेबल, जाळीत भरलेले चौदा चेंडू, आणि नडगीला बांधायच्या पट्ट्यांचं एक खोकं. छत तिरकं असल्यामुळे ताठ उभं राहायला दाराजवळच्या दोनच फरश्या होत्या. भेटायला येणाऱ्याला त्या दोन्ही फरश्या देऊन बाई स्वतः बसून राहत. त्यामुळे प्राचार्य आले तरी बाई उठत नाहीत, असं त्यांच्याविषयी बोललं जाई.

रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रगतिमापन समितीने त्यांच्याकडे पाच वर्षांचा आराखडा मागितला. स्पर्धेत सोळा संघ. बाईंनी लिहून दिलं: पहिल्या वर्षी बारावा क्रमांक, मग नववा, मग सहावा, मग तिसरा आणि पाचव्या वर्षी पहिला. या आकड्यांचा आलेख काढला तेव्हा तो हुबेहूब जिन्यासारखा दिसला. जिना दिवसभर डोक्यावर असल्याचा हा फायदा. समितीला आराखडा इतका आवडला की तो दुसऱ्या तीन विभागांना नमुना म्हणून पाठवण्यात आला. त्यात ग्रंथालयही होतं.

त्यानंतर जे झालं त्यात चूक सर्वस्वी बाईंची होती. त्या मुलींना पहाटे सहाला मैदानावर बोलवत आणि स्वतः साडेपाचला जात. त्या शिकवत आणि मुली ऐकत. अशाने जे व्हायचं तेच झालं. संघ पहिल्याच वर्षी पहिला आला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. 'आराखड्यातील पाचव्या वर्षाचे उद्दिष्ट आपण पहिल्याच वर्षी पूर्ण केल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत तात्काळ लेखी खुलासा करावा.' बाईंनी लेखी खुलासा केला: 'मुली चांगल्या खेळल्या.' खुलासा समाधानकारक नसल्याचं कळवण्यात आलं, आणि पुढील वर्षी आराखड्याशी सुसंगत कामगिरी करावी, अशी समज देण्यात आली.

बाईंनी पत्र कर्णधार मुलीला वाचून दाखवलं.

"म्हणजे मॅडम, नववं यायचं?"

"तसं नाही म्हटलेलं. सुसंगत व्हायचं म्हटलंय."

मुलीने थोडा विचार केला. "मी प्रयत्न करीन मॅडम. पण गोल समोर दिसला की पाय ऐकत नाहीत हो."

पाय दुसऱ्या वर्षी ऐकले नाहीत. तिसऱ्या वर्षीही नाही. पाच वर्षं संघ पहिला आला आणि बाईंचा आलेख टेबलाच्या कडेसारखा आडवा राहिला. दरवर्षीच्या गोपनीय अहवालात एकच शेरा पडे: 'प्रगती: निरंक.'

याच काळात मुलांचा संघ चौदावा, तेरावा, अकरावा, दहावा आणि आठवा आला. अशी चढती रेघ महाविद्यालयाने पूर्वी पाहिली नव्हती. मुलांच्या प्रशिक्षकांना शाल मिळाली, मानपत्र मिळालं आणि शेवटी क्रीडासंचालकपद मिळालं. पहिल्या मजल्यावर त्यांना खोली मिळाली. तिच्या खिडकीतून संपूर्ण मैदान दिसे. (उन्हाची तिरीप आलेखावर येते म्हणून पडदा कायम ओढलेला असे.) माणूस मात्र मनाने फार चांगला. एकदा बाईंना जिन्यात गाठून त्यांनी आपुलकीने सांगितलं, "बाई, तुमचं एकच चुकलं. सुरुवातीला जरा खाली राहायचं असतं. त्या चौदाव्या नंबरासाठी मी किती मेहनत घेतली, ते माझं मला माहीत!"

सहाव्या वर्षी नोटीस आली. सलग पाच वर्षं प्रगती निरंक असलेला उपक्रम सत्राअखेर बंद करण्यात येईल आणि संबंधित पद आपोआप रद्द होईल. बाईंनी नोटीस तीनदा वाचली. नोकरीचं वाईट वाटलंच, कोणालाही वाटेल. पण जास्त वाईट वाटलं ते मुलींचं. सहाला बोलावलं तर पावणेसहाला बुटांच्या नाड्या बांधून तयार असणारी बावीस माणसं त्यांना पुन्हा कुठे मिळणार होती? आणि त्या बावीस जणींना तरी पहाटे उठून जायला दुसरी जागा कुठे होती?

बाई समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष म्हणजे संख्याशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि क्रीडा विभागाच्या लिपिकाला फाईल घेऊन बोलावलं.

"बाई, माझं तुमच्याशी काही वाकडं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मला फक्त वर जाणारी एक रेघ द्या. कशाचीही चालेल. मी तुमचा संघ आत्ता वाचवतो."

मग तिघांनी मिळून रेघ शोधायला सुरुवात केली. सरावाची हजेरी? शंभर टक्के, सहाही वर्षं. आडवी. परीक्षेतले निकाल? सगळ्या पास. आडवी. दुखापती? दरवर्षी कमी. ही तर उतरती निघाली, आणि ती पाहून अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. शिस्तभंगाच्या तक्रारी? नाहीत. पालकांच्या तक्रारी? एकच होती, मुलगी घरी सगळ्यांना पहाटे उठवते अशी. तीही नंतर मागे घेण्यात आली होती.

"अहो, तुमच्याकडे वाईट असं काहीच नाही का?" अध्यक्ष काकुळतीला येऊन म्हणाले.

"प्रेक्षक आहेत की साहेब," लिपिक म्हणाला. "नऊ."

सामन्याच्या वेळी लिपिकाच्या हातात मोजणीचं बटण असे. माणूस आत आला की एकदा दाबायचं. सहा वर्षांच्या मोजणीनंतर एका सामन्याची सरासरी उपस्थिती निघाली होती, ती अशी:

गोलरक्षक मुलीची मावशी: १
माळीबुवा (सामना संपल्यावर गवताला पाणी घालायचं म्हणून): १
रुग्णवाहिकेचा चालक: १ (झोपलेला. झोपलेला माणूस धरावा की नाही, यावर समितीत दोन मतं होती. शेवटी पाय मैदानाच्या दिशेला असतील तर धरावा, असं ठरलं.)
पाहुण्या संघाच्या बसचा चालक आणि त्याचा मित्र: २
चुकून आलेले: ३
मोजणी करणारा लिपिक स्वतः: १
एकूण: ९

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "नऊ! वा, वा! याला म्हणतात वाव!"

ठरलं. सत्राचा अंतिम सामना घरच्याच मैदानावर होता, गुरुवारी दुपारी साडेतीनला. त्या दिवशी प्रेक्षकसंख्या लक्षणीय वाढली तर संघ राहील, नाहीतर जाईल. महाविद्यालयात आवाहनाचं पत्रक लागलं आणि प्रतिसाद असा मिळाला की बाईंना भरूनच आलं. पहिल्या दिवशी बहुतेकांना धक्का बसला. ('आपल्याकडे मुलींचा संघ आहे?') दुसऱ्या दिवशी संताप आला. ('आणि तो बंद करतायत?') तिसऱ्या दिवशी मुख्य दालनात पाठिंब्याचं रजिस्टर ठेवलं गेलं. पहिली सही क्रीडासंचालकांनी केली, आणि फोटो नीट आला नाही म्हणून सहावीही त्यांनीच केली. बुधवार संध्याकाळपर्यंत दोन हजार चारशे बारा सह्या झाल्या. तत्त्वज्ञान विभागाने एकमताने ठराव केला. त्या विभागात प्राध्यापक दोनच असले, तरी त्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

जो भेटेल तो बाईंना म्हणे, "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!"

"पाठीशी नको हो, समोर बसा," बाई म्हणत. "गुरुवारी साडेतीनला."

"गुरुवारी? बघतो. यायचंच आहे."

मुलींनी वर्गावर्गातून चारशे खुर्च्या वाहून आणल्या. कर्णधार मुलगी एका वेळी चार उचले. माळीबुवांनी गवत कापलं आणि चुन्याच्या रेघा दोनदा मारल्या. बाईंनी शिट्टी गरम पाण्यात धुतली.

गुरुवारी साडेतीनला चारशे खुर्च्यांवर नऊ माणसं बसली होती. मावशी होत्या. माळीबुवा होते. चालकाचे पाय मैदानाच्या दिशेला होते. चुकून आलेले तिघे नेहमीचे नव्हते, नवेच होते, पण संख्या तीनच.

बाकीचे सगळे सभागृहात होते. 'मुलींचा संघ वाचवा' या मागणीसाठी तिथे जाहीर सभा भरली होती. क्रीडासंचालक अध्यक्षस्थानी होते. सभा गुरुवारी साडेतीनलाच ठेवण्याचं कारण सरळ होतं: ही वेळ आठवडाभर बाईच सगळ्यांना सांगत होत्या. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांत बसले होते, आणि बाहेर उभे असलेले सारखं म्हणत होते, आत खुर्च्या का कमी पडल्या कोण जाणे.

टाळ्यांचा कडकडाट मैदानापर्यंत ऐकू आला. कर्णधार मुलीने मान वळवून पाहिलं.

"मॅडम, या टाळ्या आपल्यासाठीच आहेत ना?"

"हो गं. आपल्यासाठीच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मधल्या वर्तुळाकडे धावत गेली. बाईंना हसू फुटलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरायला त्यांनी जोरात शिट्टी वाजवली. पंचाने आपली शिट्टी अजून वाजवलेलीच नसल्यामुळे त्यांना ताकीद मिळाली.

शुक्रवारी समिती बसली. लिपिकाने नऊचा आकडा समोर ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिला. (सहा वर्षं एकही सामना न चुकवलेला महाविद्यालयातला हा एकमेव कर्मचारी. कर्तव्य म्हणून येतो, असं तो सांगे. पण गेल्या वर्षी तो सुटी टाकून आला होता.) मग लिपिक हळूच म्हणाला, "साहेब, प्रेक्षक म्हणजे कोण, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही."

अध्यक्षांनी नियम उलटसुलट वाचले. खरंच लिहिलेलं नव्हतं. वीस मिनिटांत व्याख्या तयार झाली. प्रेक्षक दोन प्रकारचे: समीप आणि दूरस्थ. समीप प्रेक्षक मैदानावर येतात. दूरस्थ प्रेक्षकांना संघाविषयी आस्था असते. समीप नऊ, दूरस्थ दोन हजार चारशे बारा, एकूण दोन हजार चारशे एकवीस. वाढ सव्वीस हजार आठशे टक्के. आलेखाची रेघ कागदात मावेना म्हणून वर दुसरा कागद जोडला, मग तिसरा, आणि शेवटी लिपिकाला स्टुलावर चढावं लागलं.

संघ वाचला. बाईंना पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि गोपनीय अहवालात 'देदीप्यमान' असा शेरा पडला. मुलींनी जिन्याखालच्या खोलीत एवढ्या उड्या मारल्या की चौघींची डोकी तिरक्या छताला आपटली. (दुखापतींची रेघही वर गेली.) खुर्च्या मुलींनीच परत नेल्या.

संध्याकाळी दर शुक्रवारप्रमाणे बाईंच्या आईचा फोन आला. मुली एकमेकींना धडकतात ते आईला बघवत नसे, म्हणून ती सामन्याला कधी येत नसे. पण फोन चुकवत नसे.

"कुणाला लागलं नाही ना गं?"

"चार टेंगळं आली आई. पण ती आज, खोलीत."

"बरं. आणि काल जिंकलात का?"

दोन दिवसांत हा प्रश्न बाईंना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मग त्यांनी निकाल सांगितला, एकेक गोल कसा झाला तेही सांगितलं, आणि आई मध्येमध्ये "अगं बाई!" म्हणत राहिली.

तो निकाल इथे देण्याचं कारण नाही. सव्वीस हजार आठशे टक्क्यांच्या आनंदात तो विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपणही इथपर्यंत वाचलंत, मुलींसाठी हळहळलात, सभेतल्या लोकांना मनातल्या मनात नावं ठेवलीत, पण निकालाची वाट पाहिलीत का? नसेल पाहिली, तर वाईट वाटून घेऊ नये. नव्या व्याख्येनुसार संघाविषयी आस्थेने वाचणारी व्यक्तीही दूरस्थ प्रेक्षकच ठरते, आणि आपली नोंद दोन हजार चारशे बाविसाव्या क्रमांकावर झालेली आहे. पुढच्या सत्राचा पहिला सामना गुरुवारी दुपारी साडेतीनला. आपण येण्याची आवश्यकता नाही.