वॉर्डाच्या हद्दीवरचं कोलम

पहाटे दारापुढे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालायला कनका फाटकाबाहेर आली आणि पिठाचा डबा तिच्या हातात तसाच राहिला. गल्लीच्या मधोमध, तिच्या आणि समोरच्या कुमुदिनीच्या फाटकांच्या बरोबर मध्ये, पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या.

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधली ती गल्ली एवढी अरुंद की डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात दोघी मिळून तिथे एकच मोठं कोलम घालत. पुळ्ळी म्हणजे ठिपके कुमुदिनीचे, रेघ कनकाची. कनका तंजावरकडची, पिढ्यान्पिढ्या तिथलं जुनं मराठी बोलणाऱ्या घरातली; कुमुदिनी नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीमुळे साताऱ्याहून आलेली. पण या नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला आलेल्या कुमुदिनीच्या पुण्याच्या नणंदेला कनका प्रेमाने म्हणाली, "असकी बसा, उगे उभ्या राहू नोका." 'सगळ्या'ला 'असकी' आणि 'नका'ला 'नोका' ऐकून नणंद खुदकन हसली. कुमुदिनीही हसली आणि वर म्हणाली, "त्यांचं मराठी असंच असतं, ऐकायला गोड वाटतं." नणंदेचं हसणं कनकाने सोडून दिलं असतं; ते 'गोड' तिला लागलं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

बंद कनकानेच केलं होतं आणि त्याचा त्रासही तिलाच होत होता. सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा मुलगा विश्वेश घरी आला की आईला तमिळमध्ये उत्तर देई आणि फोनवर इंग्रजीत हसे. नवरा पद्मनाभ मराठी बोलायचा, पण एग्मोरच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून त्याचं सगळं मराठी पेपरामागून येणाऱ्या एका हुंकारात मावत होतं. मराठीत मनसोक्त कुरकुर करायची तर समोरच्या घराशिवाय जागा नव्हती. रोज दुपारी तिला कुमुदिनीची फार आठवण यायची.

"अहो, बाहेर येऊन बघा," तिने हाक मारली. "कुमुदिनी पुळ्ळी घालून ठेवली आहे."

पद्मनाभ चष्मा लावत आला आणि ठिपक्यांकडे बघत राहिला. "फार सरळ आहेत गे. तिचे ठिपके नेहमी वाकडे असतात."

"मनापासून घातले की सरळ येतात."

तो कॉफीची वाट बघायला आत गेला. कनकाने पदर खोचला आणि ठिपक्यांभोवती वळणं घेत अशी रेघ ओढली की कोलमचं एक टोक तिच्या पायरीला टेकलं आणि दुसरं कुमुदिनीच्या फाटकात शिरलं. थोड्या वेळाने कुमुदिनी दूध घ्यायला बाहेर आली. ते सगळं बघून तिचे डोळे भरून आले. तिने आतून रांगोळीचे रंग आणून वळणांमध्ये गुलाबी आणि हिरवा भरला. एरवी पांढऱ्या कोलममध्ये रंग बघून कनकाने नाक मुरडलं असतं. आज खिडकीतून बघताना तिला तो हिरवा आवडला.

सकाळी दहाला पेंटर आला. शहरातल्या वॉर्डांची फेररचना झाली होती आणि नवी हद्द नेमकी या गल्लीतून जात होती. कनकाची बाजू जुन्या वॉर्डात राहिली, कुमुदिनीची नव्या वॉर्डात गेली. हद्द आखण्याचं कंत्राट घेतलेल्या वेंकटने आदल्या संध्याकाळी चुन्याचे ठिपके घालून घेतले होते. "ठिपके जोडत ये," एवढंच पेंटरला सांगून तो दुसऱ्या गल्लीत गेला. पेंटरने बघितलं तर ठिपके आधीच जोडलेले. माणूस प्रामाणिक होता. त्याने ऑइलपेंटने एकेक वळण गिरवलं, कोपरेसुद्धा चुकवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या दोन गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या. "तुमची पायरी आमच्या वॉर्डात आहे, पण कचऱ्याचा डबा त्यांच्यात," जुन्या वॉर्डाची बाई कनकाला म्हणाली. नव्या वॉर्डाच्या गाडीवाल्याने खाली वाकून बघितलं आणि डबा अर्धाच आपला असल्याचं सांगितलं. पाण्याचा टँकर कोणत्या वळणात उभा करायचा यावर ड्रायव्हर आणि क्लीनर यांचं वाजलं. निवडणुकीला उभं राहू बघणारे दोन्ही वॉर्डांचे उमेदवार हात जोडून पद्मनाभकडे येऊन गेले. पद्मनाभ कित्येक महिन्यांनी खुलला. "आम्ही जेवतो एका वॉर्डात आणि झोपतो दुसऱ्यात," तो दोघांनाही सांगायचा.

या गोंधळाचं कनकाला काही नव्हतं. कुमुदिनी रोज संध्याकाळी येत होती आणि दोघी पायरीवर बसून बोलत होत्या. सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, साताऱ्याच्या थंडीबद्दल, मिळेल त्याबद्दल. ठिपक्यांचा विषय दोघींनी मुद्दाम टाळला. तो निघाला असता तर मागून नणंदही निघाली असती.

मग वेंकट स्कूटरवरून आला. रंगवलेली हद्द बघून त्याने डोक्याला हात लावला. "हे कोणी केलं?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"मी," कुमुदिनी फाटकातून म्हणाली.

"ती नाही, मी केलं," कनका पायरीवरून म्हणाली.

"अम्मा, ठिपके आमचेच आहेत. रेघ कोणाची तेवढं सांगा."

"ठिपके तुमचे?" कुमुदिनीने विचारलं.

"हद्दीचे ठिपके. रंग मारायच्या आदल्या संध्याकाळी चुन्याने घातले."

कनकाने कुमुदिनीकडे बघितलं. "म्हणजे पुळ्ळी तू घातली नाहीस?"

"नाही हो, कनकाक्का. मला वाटलं, सगळं तुम्हीच..."

कनका आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. संध्याकाळी पायरीवर कोणी आलं नाही.

"झालं ते झालं. बोलत होता ना छान?" पद्मनाभ पेपर खाली ठेवून म्हणाला.

"ती बोलावली नव्हती हो. मीच धावत गेले," कनका म्हणाली. "ती हसली होती आणि मीच गेले." एवढं बोलून ती रडली. पद्मनाभला काय करावं सुचेना, म्हणून त्याने स्वतः कॉफी केली. ती अगदी वाईट झाली होती. तिने पूर्ण प्यायली.

पुढच्या दोन दिवसांत वेंकटच्या माणसांनी रंग खरवडून काढला आणि गल्लीच्या मधोमध पट्टी लावून सरळ रेघ मारली. कचऱ्याच्या गाड्या आपापल्या बाजूने निमूट जाऊ लागल्या. पद्मनाभकडे उमेदवार यायचे थांबले.

त्यानंतरच्या पहाटे कनका फक्त आपल्या पायरीपुरतं छोटं कोलम घालायला बाहेर आली. हद्दीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके होते. तांदळाच्या पिठाचे. पहिली ओळ कलत कलत गटाराकडे गेली होती, दुसरीतले शेवटचे दोन एकमेकांवर चढले होते. असे ठिपके कुठलाही मोजणीवाला घालणार नाही.

फाटकाशी स्वेटर घालून कुमुदिनी उभी होती. हातात डबा आणि नाकावर पीठ.

"असकी वाकडी आलीत, कनकाक्का," ती अडखळत म्हणाली. "आता उगे उभ्या राहू नोका."

कनकाने तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"नोका बरोबर म्हणालीस," कनका म्हणाली. "पुळ्ळी मात्र तुज कोणी शिकवली की, कळना."

मग ती खाली बसली आणि कोलमचं पहिलं वळण तिने रेघेपलीकडच्या वॉर्डात घातलं.