पहिल्या घाण्याचा फेस

माझ्याइतकं सफाईदार खोटं अख्ख्या धुळे जिल्ह्यात कुणी बोलत नसेल, असा मागच्या महिन्यापर्यंत माझा ठाम समज होता!

मी आणि माझा मेहुणा हितेंद्र, आम्ही दोघांनी गावाबाहेर ज्वारीची दारू गाळायचा कारखाना काढला. हातभट्टी नव्हे हो! रीतसर परवाना, तांब्याचं यंत्र, बाटलीवर कणसाचं चित्र. अडचण एकच, माय. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दारूपायीच गेले. तेव्हापासून खोकल्याचं औषधसुद्धा माय आधी हुंगून बघते. तिला कळलं असतं तर तिनं जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं. म्हणून मी सांगितलं, "माय, ज्वारीच्या पिठाचा कारखाना शे."

"चांगलं शे. लोकेस्ना पोटमा जाई," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं पचलं!

पहिल्या घाण्याची ज्वारी गिरणीतून दळून आली, शिजली, टाकीत आंबायला पडली. थोडी फसफसली, वास सुटला, आणि मग जी रुसून बसली ती बसलीच. ढवळावं तर नुसता चिकट फेस, काठावरून थेट जमिनीवर!

"भाऊजी, तुमच्या बोअरचं पाणी खराब!"

"तुझं यीस्ट मेलेलं!"

शेवटी हितेंद्रनं बोट बुडवून चाटलं. त्याचा चेहरा सुतकी झाला. "भाऊजी, हे खारट आहे. आणि उडदासारखं लागतंय."

मी गिरणीवाल्या प्रेमराजला फोन लावला. "प्रेमराजभाऊ, ज्वारीत काय मिसळलं?"

"मी कसाले मिसळू? तुनी मायच उनी व्हती! 'पोऱ्या येडा शे, नुसती ज्वारी धाडी दिनी' म्हने. घरना बठ्ठा उडीद आनि जाडं मीठ ओती गयी. फक्कड कळणा दळी दिना!"

आता आमच्याकडे भाकरीला कळण्याचंच पीठ लागतं, ज्वारीत उडीद-मीठ घालून दळलेलं. पिठाचा कारखाना म्हटल्यावर त्या बिचारीनं दुसरं काय करावं!

फोन ठेवतो तोच दारात माय! हातात ठेच्याचा डबा. "पीठ कसं व्हयनं?"

हितेंद्र हात पसरून टाकीपुढे उभा राहिला. पण फेसाला कोण अडवणार? तो त्याच्या पायांमधून वाहत मायच्या चपलेपर्यंत गेला. ती वाकली. हुंगलं.

"भूपेंद्र, हाऊ वास आबाना अंगले येत व्हता."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं ठेच्याचा डबा पदराखाली झाकून घेतला. ते न सोसून हितेंद्रच रडकुंडीला येऊन म्हणाला, "आत्या, तुमच्या मिठानं सगळा घाणा वाया गेला हो!"

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

मायनं पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरा घाना कधी शे ते सांगजो. घरमा मीठ शे आजून."

तेव्हापासून कारखान्याला कुलूप आहे. हितेंद्र रोज विचारतो, पुन्हा कधी सुरू करायचं? मी म्हणतो, तूच विचार मायला!