घळीत अडकलेला धोंडिबा

एका जंगलात रविवार असायचा. बाकीच्या जंगलांत तो नसतो, हे मुलांनो, तुम्हाला माहीतच आहे. पण या जंगलातल्या प्राण्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की आठवड्यातून एक दिवस काही करायचं नसतं. ते त्यांना फार पटलं. त्या दिवशी वाघ शिकार करत नसे. हरणं त्याच्या समोरून मुद्दाम हळू जात.

फक्त तिघं जण रविवारी काम करत. आणि तेही फुकट.

पहिले तात्या साळिंदर. वयानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. दुसरी सोनाक्का घोरपड. बोलायची कमी, पण एकदा धरलं की सोडायची नाही. तिसरा धोंडिबा अस्वल. नखं मोठी, पोट मोठं आणि स्वभाव असा की कोणी 'चल' म्हटलं की कुठं ते न विचारता निघायचा.

डोंगराच्या पायथ्याशी एक घळ होती. घळ म्हणजे काय, तर डोंगरानं जरासं तोंड उघडलं आणि मग त्याचा विचार बदलला, तेवढी फट. आत दोन अस्वलं निजतील इतकी जागा आणि मागं चिखलानं बुजलेलं एक भोक. त्या भोकातून गार पाणी झिरपत बाहेर यायचं. एक दिवस तिथंच तात्यांच्या नाकाला वारा लागला.

"वारा!" तात्या ओरडले. "बुजलेल्या भोकातून वारा येतो म्हणजे पलीकडं मोठी पोकळी आहे. उकरत उकरत तिथं जायचं."

वरच्या झाडावर भिकाजी वानर बसला होता. जंगलात कोण काय करतं याची त्याला फार काळजी.

"जाऊन काय करायचं?" त्यानं विचारलं.

"बघायचं."

"बघून?"

"बघून... परत यायचं."

"मग इथंच का थांबत नाही?"

तात्यांना उत्तर सुचलं नाही. ज्याला उत्तर सुचत नाही त्यानं, मुलांनो, मंडळ काढावं. तात्यांनी तेच केलं. घळीच्या तोंडावर 'डोंगर-अंतरंग मित्र मंडळ' असा फ्लेक्स लागला. त्यावर तिघांचे फोटो होते. तात्यांचा जरा मोठा.

काम असं चालायचं. धोंडिबा सगळ्यात पुढं, पोटावर पडून नखांनी चिखल उकरायचा. सोनाक्का त्याच्या मागं. ती चिखलाचं घमेलं दोरीनं ओढत बाहेर आणायची. तात्या बाहेर बसून घमेलं रिकामं करायचे आणि उत्तेजन द्यायचे. त्यांना आत घेण्याची सोय नव्हती. ते वळले की काटे कोणाच्या तरी डोळ्याशी यायचे. म्हणून त्यांना अध्यक्ष केलं होतं.

चिखल साधा नव्हता. पाय रुतला की तो पाय ठेवून घ्यायचा. जितका बाहेर काढावा तितका वरून गळायचा. पावसाळ्यात तर सगळं उकरलेलं पुन्हा भरून जायचं. तरी तिघं पुन्हा सुरू करत. "यंदा माती मऊ आहे हं," धोंडिबा म्हणायचा. दरवर्षी म्हणायचा.

त्याची बायको ठकूबाई मात्र वैतागली होती.

"लोकांचे नवरे रविवारी मध आणतात," ती म्हणायची. "आमचे अंगावर डोंगर घेऊन येतात."

"अगं, आज कोपरभर पुढं गेलो."

"आणि पोट किती पुढं गेलंय ते बघितलंत? एक दिवस अडकाल तिथंच."

"श्वास सोडला की मावतं."

मग ती त्याला नदीवर नेऊन दगडानं खसाखसा घासायची. घासताना रागातच असायची. कानामागचा चिखल तेवढा हळू काढायची.

त्या वर्षी मोहाला फुलं फार आली. धोंडिबानं मोहफुलं पोटभर खाल्ली, आणि नंतर थोडी वरून. रविवारी तो घळीत शिरला. उकरता उकरता समोरचं ढेकूळ अचानक पलीकडं पडलं. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

धोंडिबानं डोकं पुढं घातलं. डोकं गेलं. खांदे गेले. पोट काही गेलं नाही.

"काय झालं?" मागून सोनाक्कानं विचारलं.

"अडकलो."

"कुठं?"

"पोटात."

"श्वास सोड की."

"सोडला. तरी अडकलो. पण सोनाक्का, इथं समोर काही नाहीये! नुसतं मोकळं आहे! थांब." आणि त्यानं जोरात "होऽऽ" केलं. तो "हो" निघून गेला. बराच वेळ गेला. मग दमूनभागून परत आला.

धोंडिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाणी फक्त डोळ्यांत नव्हतं. डोंगरातलं पाणी आजवर ज्या भोकातून बाहेर यायचं, त्या भोकाला आता धोंडिबाचं बूच बसलं होतं. त्याच्या हनुवटीखाली उंच काठाचा एक खळगा होता. तो भरू लागला.

सोनाक्का बाहेर धावली. तात्यांनी असा काही आरडाओरडा केला की सगळं जंगल जमलं. रविवारच होता, कोणाला काही काम नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या परीनं मदत केली, म्हणजे सल्ला दिला.

"तेल लावा," रानडुक्कर म्हणालं.

"उपाशी ठेवा, आपोआप सुटेल," कोल्हा म्हणाला.

"मी आधीच म्हणालो होतो," भिकाजी म्हणाला. तो काय म्हणाला होता ते कोणाला आठवेना, पण म्हणाला असणार.

तेवढ्यात ठकूबाई आली. तिला कोणी निरोप दिला नव्हता. तिनं गर्दीकडं बघितलंही नाही.

"जिवंत आहेत ना?"

"आहेत," सोनाक्का म्हणाली. "पण पाणी चढतंय. आणि वहिनी, ते म्हणतात मागं ओढू नका. पुढं ढकला म्हणतात. पुढं फार मोठी जागा आहे म्हणे."



ठकूबाईनं तात्यांकडं बघितलं. "भावजी, हे मंडळ तुमचं. तुम्ही सांगा. ढकलायचं की ओढायचं?"

तात्यांचे सगळे काटे उभे राहिले. मुलांनो, आपण त्यांना इतका वेळ हसलो, आता जरा थांबू. कारण या पोकळीच्या आशेवर तात्या म्हातारे झाले होते. नुसतं 'ढकला' म्हटलं असतं तर धोंडिबा पलीकडं पोचला असता. मंडळाचा एक तरी सभासद तिथं पोचला असता! तो परत कसा आला असता, हे मात्र तात्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी एकदा भोकाकडं बघितलं. मग फ्लेक्सवरच्या धोंडिबाच्या फोटोकडं.

"ओढा," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की तो तात्यांचा आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

ठकूबाई दोर घेऊन आत शिरली. सोनाक्का घळीच्या तोंडाशी छताला चिकटली आणि तिनं वहिनींना वाट दिली. दोराचं दुसरं टोक वानरांनी धरलं. भिकाजीनं तर सगळ्यात पुढं होऊन धरलं. तसं कोणी बघितलं तर बरं, अशा बेतानं.

आत धोंडिबाच्या नाकाशी पाणी आलं होतं.

"अहो, मी आलेय."

"कोण? तू? आत?" धोंडिबाला आनंदही झाला आणि लाजही वाटली. "ठकू, इथं केवढी जागा आहे! जरा ढकल ना. एवढीशी ढकल."

ठकूबाईनं त्याचे दोन्ही पाय दोरानं बांधले. मग तिनं त्याच्या तळपायांना गुदगुल्या केल्या.

त्याला तळपायाला गुदगुल्या होतात हे साऱ्या जंगलात तिला एकटीलाच माहीत होतं.

धोंडिबा हसला. रडत होता, बुडत होता, तरी हसला. खोखो हसला. पोटातला सगळा वारा निघून गेला, आणि मागून सोनाक्का ओरडली, "आत्ता!"

आधी ठकूबाई बाहेर आली, मग धोंडिबा, मग पाणी. आणि मागून आत काहीतरी धप्पकन बसलं. भोकाचं छत खाली आलं होतं. सगळ्या वर्षांचं उकरलेलं भरून गेलं.

धोंडिबा खोकला. प्राणी त्याच्याभोवती गोळा झाले.

"काय बघितलंस?" भिकाजीनं विचारलं.

"काही नाही. अंधार होता."

"एवढं करून अंधार?"

"पण मोठा होता," धोंडिबा म्हणाला.

भिकाजी हसला. मग रानडुक्कर हसलं. मग सगळेच हसले आणि आपापल्या घरी गेले. ठकूबाई हसली नाही. तिनं नवऱ्याचा पंजा धरला आणि ती त्याला नदीकडं घेऊन गेली.  आता मंडळ संपलं, हे तात्यांना न सांगताच कळलं.

पुढच्या रविवारी तात्या घळीपाशी गेले ते फ्लेक्स उतरवायला. तर भोकाशी कोणीतरी पालथं पडून चिखल उपसत होतं. तात्यांना वाटलं, धोंडिबा. पण ती ठकूबाई होती.

"वहिनी, तुम्ही?"

"ह्यांना घरी बसवलंय. पोट उतरल्याशिवाय यायचं नाही म्हणून सांगितलंय." तिनं घमेलं भरून मागं सरकवलं. सोनाक्कानं ते ओढलं. "मी बारीक आहे. मी जाईन पलीकडं."

"पण तुम्हाला तर हे सगळं..."

ठकूबाई थांबली. तोंडावरचा चिखल तिनं पुसला, म्हणजे आणखी पसरवला.

"मी गुदगुल्या केल्या ना, तेव्हा ते हसले," ती म्हणाली. "ते हसू आत गेलं, भावजी. लांब गेलं. आणि आम्हाला ओढत होते तेवढ्यात परत आलं. आधी एकदा. मग पुन्हा एकदा, दुसऱ्याच बाजूनं." तिनं पुन्हा नखं चिखलात रोवली. "म्हणजे आत दोन जागा आहेत. बसलात काय? घमेलं रिकामं करा."

तात्यांनी घमेलं रिकामं केलं.

थोड्या वेळानं भिकाजी झाडावरून खाली उतरला. आपण फक्त बघायला आलोय, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. संध्याकाळी तो निघाला तेव्हा त्याची शेपटीसुद्धा दिसत नव्हती, इतका चिखल होता.

तात्पर्य: चिखलात रुतलेल्याला काढायला आपण चिखलात उतरू नये, असं थोर माणसं सांगतात. त्यांचं ऐकावं. रुतलेला निघतो, अंघोळ करतो आणि घरी बसतो. आपल्याला मात्र चिखल आवडून जातो.